आबांच्या ड्युटीतलं बेअरिंग

आबा भुवड पहिल्यांदा आमच्या घरी आले तेव्हा त्यांनी मला नमस्कार केला नाही, बायकोला केला नाही. आवाजाच्या रोखानं थेट स्वयंपाकघरात गेले आणि ओट्यावर घरघरणाऱ्या मिक्सरला उलटा हात टेकवून उभे राहिले. बायको खोबरं वाटत होती. परका माणूस आत शिरलेला बघून ती ओरडणारच होती, पण आबांचे डोळे मिटलेले होते आणि चेहरा इतका गंभीर की तिला ओरडणं बरं दिसेना. थोड्या वेळानं त्यांनी हात काढला आणि म्हणाले, "वरचं ठीक हाय. खालचं बेअरिंग बोलतंय." मग वळून आम्हाला रीतसर नमस्कार केला आणि आपण शेजारच्या घरात राहायला आल्याचं सांगितलं.

मिक्सर पुढच्या आठवड्यात गेला. तेव्हापासून बायको त्यांना मानते. मला मात्र बरेच दिवस वाटत होतं की बिचारा मिक्सर त्यांच्या बोलण्यानंच खचला.

हात उलटा का लावायचा, हे मी त्यांना लवकरच विचारून घेतलं. माझं चष्म्यांचं दुकान आहे, गिऱ्हाईक नसेल तेव्हा चौकशा करणं हाच माझा मुख्य धंदा. आबांचं म्हणणं असं की तळहात खोटं बोलतो. कामं करून तो निबर झालेला असतो. मागची कातडी कोवळी, तिला खरं कळतं. त्या कोवळ्या कातडीनं आबांनी आमच्या नाचणे गावातल्या गल्लीतली सगळी यंत्रं तपासली. माझी स्कूटर, समोरच्यांचा फ्रिज, दोन घरांत मिळून असलेला विहिरीचा पंप. लग्नाला गेले की सगळं वऱ्हाड मांडवात आणि आबा मांडवामागे, जनरेटरच्या अंगावर हात ठेवून. अक्षता टाकायला त्यांना हाताला धरून आणावं लागे.

माणसं भेटल्यावर एकमेकांना "कसं काय?" विचारतात. आबा विचारायचे, "काय म्हणतंय बेअरिंग?" हे ते मला विचारायचे, दूधवाल्याला विचारायचे, बारशाला गेले तर बाळाच्या आईलाही विचारायचे. मी गुडघ्यांबद्दल सांगायचो. दूधवाला म्हशींबद्दल सांगायचा. प्रत्येकाला आपापलं कुरकुरणारं ठिकाण ठाऊक असतं, त्यामुळे प्रश्न कधी वाया गेला नाही.

आबांची सगळी नोकरी पोफळीच्या वीजघरात गेली. डोंगराच्या पोटात बसायचं आणि समोर फिरणाऱ्या अगडबंब यंत्राचं बेअरिंग तापत नाही ना, हे बघायचं. एवढंच काम. मला बेअरिंग म्हणजे सायकलच्या चाकातल्या गोळ्या एवढंच माहीत होतं. आबांनी समजावलं की मोठ्या बेअरिंगमध्ये गोळ्या नसतात. फिरणारं लोखंड आणि त्याला तोलून धरणारा मऊ धातू, ह्यांच्यामध्ये फक्त तेलाची साय असते, कागदाहून पातळ. सगळा भार त्या सायीवर. साय आहे तोवर दोघं एकमेकांना शिवतसुद्धा नाहीत. "आणि साय तुटली की?" मी विचारलं. त्यावर आबांनी कुणाच्या तरी निधनाची बातमी सांगताना करतात तसा चेहरा केला आणि विषय बदलला.

निवृत्त माणसं नोकरीतल्या गोष्टी सांगतात. आबांकडे गोष्टच नव्हती. एकदा मी खोदून खोदून विचारलं, इतकी वर्षं तुम्ही तिथं होतात, काहीतरी झालं असेलच की. त्यांना जरा रागच आला. "काय व्हनार? मी होतो ना तिथं."

ह्या काहीच न होण्याचं त्यांचं एक शास्त्र होतं आणि ते एका वाक्यात मावायचं. मशीनला दचकवायचं नाय. यंत्र कुठलंही असो, ते हळू उठवायचं. पंखा एकवर लावायचा, त्याला स्थिरावू द्यायचं, मग दोनवर. आमच्या बायकोनं मिक्सर थेट तीनवर फिरवला की शेजारून खिडकीत आबांचं डोकं दिसायचं. बोलायचे काही नाहीत, नुसते बघायचे. शेवटी तिनं एकपासून सुरुवात करायची सवय लावून घेतली. स्वतः आबासुद्धा सकाळी असेच उठत. आधी पापण्या, मग बोटं, मग एक कूस, आणि अंथरुणावर बसून घोटभर कोमट पाणी. तेल पोचल्याशिवाय पाय जमिनीला लावायचे नाहीत.

अशा माणसाच्या पोटी तृप्ती जन्माला आली, ह्यात कुणाची तरी गंमत असली पाहिजे. तृप्ती गावात मोटार शिकवण्याचे वर्ग चालवते. बोलते भरभर, जिना उतरते दोन-दोन पायऱ्या गाळून. लग्नाचा विषय काढला तर समोरच्याला गिअर कसा टाकायचा ते सांगू लागते. आई गेल्यावर घरात दोघंच राहिली, आणि दोघांचं एकमेकांशी बोलणं म्हणजे दूध आलं, लाइट गेली, एवढंच. तिच्याकडे एक जुनी पेट्रोलची जीप आहे. मंडणगडच्या डोंगरात कच्च्या रस्त्यानं चढावाची शर्यत होते, त्यात ती जीप घेऊन उतरते आणि दरवर्षी शेवटच्या वळणावर तिचा दम संपतो. जीपचा. तृप्तीचा संपलेला मी पाहिलेला नाही.

म्हणून तिनं जीपला नवा कॅम बसवायचा ठरवला. कॅम काय असतो हे मला ठाऊक नव्हतं, पण आबा तो पिशवीतून माझ्या दुकानात घेऊन आले, भिंगाखाली बघायला. लांब दांडा, आणि त्यावर ओळीनं अंड्यासारखे उंचवटे. दांडा फिरला की प्रत्येक अंडं आपापली झडप उघडतं आणि इंजिन श्वास घेतं. नव्या कॅमची अंडी जुन्याहून फुगीर, म्हणजे झडपा जास्त वेळ उघड्या, म्हणजे श्वास लांब. आम्ही दोघांनी एकेक अंडं भिंगाखाली फिरवून बघितलं. एक गिऱ्हाईक जवळचा नंबर काढायला आलं होतं, तेही बघत बसलं. "श्वास वाडला म्हंजे जोर वाडला," आबा म्हणाले. "जोर वाडला म्हंजे खाली बेअरिंगवर भार वाडला." त्यांचे डोळे चमकत होते. इतक्या वर्षांनी घरात काळजी करण्यासारखं काहीतरी आलं होतं.

कॅम बसवायला नझीर मिस्त्री आला. मस्कतच्या गॅरेजात बरीच वर्षं काढलेला माणूस, हात साफ आणि तोंड त्याहून साफ. आबांच्या अंगणातच जोडणी झाली. दुपारी त्याला मालगुंडला भाच्याच्या लग्नाला जायचं होतं. जाताना तो सांगून गेला की गाडी चालू करू नका, मी आल्यावर करू, पहिली वीसेक मिनिटं महत्त्वाची असतात. तृप्ती वर्गाला गेलेली. अंगणात राहिले आबा, जीप आणि चहाचा कप घेऊन बसलेला मी.

महत्त्वाची असतात, हे आबांनी ऐकलं. चालू करू नका, हे त्यांना नीटसं ऐकू आलं नसावं. पहिली मिनिटं महत्त्वाची, तर ती आपल्यासारख्या माणसाच्या हातात असलेली बरी, असा त्यांनी सरळ हिशेब केला. किल्ली फिरवली. इंजिन पुटपुटायला लागलं. आबांनी ते हळूहळू आणखी हळू केलं, इतकं की प्रत्येक ठोका वेगळा ऐकू यावा. मग उलटा हात टेकवून अर्धा तास उभे राहिले. लहान मुलाला थोपटतात तसे ते इंजिनाला थोपटत होते. मला म्हणाले, "बघा, कसं शांत उठलं." खरंच छान वाटत होतं बघायला.

महिन्याभरानं तृप्ती हातखंब्याच्या चढावर असताना तेलाचा लाल दिवा लागला आणि इंजिनाच्या बुडातून दणके यायला लागले. जीप टोचन करून आणावी लागली. नझीरनं खालून उघडून बेअरिंगच्या वाट्या काढल्या, आणि आबा त्या माझ्या दुकानात घेऊन आले. ह्या वाट्या अर्धचंद्राकृती असतात आणि आतून करड्या, गुळगुळीत असायला हव्यात. भिंगाखाली नांगरलेलं शेत दिसत होतं, आणि त्या मऊ धातूत लोखंडाचे बारीक कण रुतून बसलेले. आबा भिंगातून फार वेळ बघत राहिले.

नझीर मागोमाग आला होता. आधी तो इकडचं तिकडचं बोलला. फिल्टर जुना असेल, तेल भेसळीचं असेल, नशीब. आबांनी त्याला थांबवलं आणि स्पष्ट सांगायला लावलं. मग त्यानं सांगितलं. ह्या इंजिनात कॅमच्या अंड्यांना पंपाचं तेल थेट मिळत नाही. खाली क्रँक, म्हणजे बेअरिंगवर तोललेला इंजिनाचा मुख्य दांडा, गरगरताना जे तेल उडतं त्या शिंतोड्यांवर त्यांचं भागतं. इंजिन हळू फिरलं तर शिंतोडे उडत नाहीत. नवा कॅम असला की पहिल्या क्षणापासून इंजिन चढवून धरायचं असतं, वीसेक मिनिटं, खाली येऊच द्यायचं नाही. तोवर अंडी आपापल्या जागी घासून बसतात. हळू ठेवलं तर कोरडी घासतात, त्यांचा भुगा होतो, भुगा तेलात जातो आणि तेल तो इमानदारीनं बेअरिंगला नेऊन पोचवतं.

"आबा, ह्ये वीजघर नाय," नझीर म्हणाला. "हितं दचकवायलाच लागतं."

आबांनी भिंग बाजूला ठेवलं. वाट्या रुमालात गुंडाळून घरी गेले.

त्यानंतरचे दिवस मला आवडले नाहीत. आबांनी कशालाही हात लावणं सोडलं. विहिरीचा पंप किंचाळायला लागला तरी ते शेजारून निघून गेले. रस्त्यात भेटले की म्हणायचे, "काय, बरं हाय ना?" सगळं गाव म्हणतं तसंच, आणि उत्तर ऐकायला थांबायचे नाहीत. बायकोनं एके दिवशी मुद्दाम खिडकी उघडून मिक्सर थेट तीनवर फिरवला. शेजारी काहीच हाललं नाही. तिनं मिक्सर बंद केला आणि म्हणाली, मला नाही वाटण वाटवत.

तृप्ती त्यांना एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं, असं मला वाटायचं. दोघं एकाच टेबलावर जेवत होती आणि मध्ये तो वाट्यांचा रुमाल पडलेला होता, जो कुणी उघडत नव्हतं. मला तिनं एवढंच सांगितलं की क्रँक घासून पुन्हा गुळगुळीत करता येईल, पण ही शेवटची वेळ. आधीच्या मालकानं तो दोनदा घासलेला आहे. आता बेअरिंग गेलं तर क्रँक गेला, आणि त्या जीपचा क्रँक आता मिळत नाही. शर्यत दिवाळीनंतर होती. दुसरा कॅम मागवलेला होता.

इंजिन पुन्हा जोडायचा दिवस ठरला तेव्हा तृप्तीनं आबांना धुवायच्या कामाला बोलावलं. ते नाही म्हणाले. आपण पडवीत बसून बघू, म्हणाले. नझीरनं इंजिनाच्या ठोकळ्यातल्या तेलाच्या वाटा डिझेलनं एकदा धुतल्या, हवा मारली आणि जोडायला घेतलं. पडवीत आबा एकदा उठले, बसले. पुन्हा उठले. मग चपला घालून बाहेर पडले. आम्हाला वाटलं, बघवत नाही म्हणून गेले. अर्ध्या तासानं परत आले ते हातात औषधाच्या दुकानातली पिशवी घेऊन, आणि पिशवीत बाळाच्या दुधाच्या बाटल्या धुवायचे ब्रश. दुकानदारानं त्यांचं अभिनंदन केलं होतं. आबांनी ते घेतलंही होतं, वाद घालायला वेळ नव्हता.

"पुन्हा काढ," ते नझीरला म्हणाले. "भुगा कोपऱ्यात बसतो."

त्या दिवशी आबांनी प्रत्येक वाट ब्रशनं घासली. डिझेल, मग साबणाचं गरम पाणी, मग हवा, मग तारेला गुंडाळलेली पांढऱ्या धोतराची चिंधी आरपार ओढायची. चिंधीवर डाग दिसला की सगळं पुन्हा. नझीर कपाळाला हात लावून बसला. म्हणाला, आबा, आता ह्याच्यात भात वाढला तरी मी जेवीन. आबांनी त्याला तेलाच्या पंपाकडे वळवलं, तोही उघडून धुवायला लावला. तृप्ती चिंध्या फाडून देत होती. बाप मागायच्या आत तिचा हात पुढे यायचा. मी पहिल्यांदाच त्या दोघांना एका कामावर वाकलेलं बघत होतो.

जोडणी झाली. कॅमच्या अंड्यांना काळं मलम फासलं. इंजिन चालू करायच्या आधी नझीरनं ड्रिल मशीन लावून तेलाचा पंप नुसताच फिरवला, पार वरपर्यंत तेल दिसेस्तोवर. इथपर्यंत आबा खुश होते, कारण हे त्यांच्या शास्त्रात बसत होतं. मग तृप्ती म्हणाली, "बाबा, ॲक्सिलरेटर तुम्ही धरायचा."

आबांनी नझीरकडे बघितलं. नझीर आभाळाकडे बघत होता. आबा माझ्याकडे वळले तेव्हा मी चष्मा पुसायला घेतला. शेवटी ते जीपमध्ये बसले. तृप्तीनं किल्ली फिरवली, इंजिन धडकन पेटलं, आणि जन्मात ज्यांनी पंखा थेट दोनवर लावला नाही त्या आबांनी पहिल्या ठोक्यालाच पाय दाबला. सगळी गल्ली दणाणली. समोरची म्हातारी तुळशीपाशी होती ती तांब्या टाकून घरात पळाली. आबांनी डोळे घट्ट मिटले होते आणि ओठ हलत होते. देवाचं नाव घेत होते की बेअरिंगची माफी मागत होते, विचारायचं राहिलं. पण पाय ढळला नाही. इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा मध्येच खाली यायला लागला की तृप्ती त्यांच्या खांद्यावर बोट टेकवायची आणि आवाज पुन्हा चढायचा. वीसेक मिनिटं हे चाललं. बंद केल्यावर आबा उतरले तेव्हा त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता.

तेल गरम असतानाच काढून टाकलं. फिल्टर पत्र्याच्या कात्रीनं कापला आणि आतल्या घड्या उन्हात पसरल्या. भिंग मी घरूनच आणून ठेवलं होतं. घड्यांवर काळसर साका होता, नवीन मलमाचा असतो तेवढा. चमकणारं काही नव्हतं. आबांनी लोहचुंबक फिरवून बघितलं, मग मी, मग तृप्ती, मग नझीरनं उगाच. नवं तेल, नवा फिल्टर घालून जीप आठ-पंधरा दिवस हातखंब्यापर्यंत फिरवली आणि तोही फिल्टर कापून बघितला. तो पहिल्याहून स्वच्छ होता.

शर्यतीच्या दिवशी तृप्ती भल्या सकाळी निघाली. आबा जीपच्या पुढ्यात येऊन उभे राहिले आणि बाजूला होईनात. तिला वाटलं, काहीतरी तपासायचं राहिलं.

"खाली उतर," आबा म्हणाले. "ताबा द्यायचाय."

ती उतरली. मग त्यांनी जे सांगितलं ते तिनंही पहिल्यांदाच ऐकलं. वीजघरात घड्याळाकडे बघून ड्युटी सुटत नसे. जाणाऱ्यानं येणाऱ्याला मशीनचा सगळा हाल सांगायचा आणि येणाऱ्यानं तोंडानं म्हणायचं, घेतली. मान हलवलेली चालत नाही. तो शब्द कानावर पडेपर्यंत जाणाऱ्यानं हलायचं नाही. आबांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी ते हाल सांगत असतानाच मंडळी हार-नारळ घेऊन आली. प्रेमानं आली, ओढत फोटोला घेऊन गेली, ताबा घेणारासुद्धा टाळ्या वाजवत बरोबर आला. शब्द राहिला. "हार गळ्यात घालून घरी आलो," आबा म्हणाले. "माझ्याकडनं मशीन कोनी घेतलीच नाय."

मी हसायच्या बेतात होतो. पण आबांचा चेहरा बघितला आणि मला फार वाईट वाटलं. हा माणूस इतकी वर्षं सुटलेलाच नव्हता.

आबा ताठ उभे राहिले. "पेट्रोल इंजिन. नवा कॅम. तेल नवं, फिल्टर नवा. गरम झाल्यावर प्रेशर टिकतंय. वाटा धुतलेल्या हायत." इथं ते थांबले. "माझ्या ड्युटीत एक बेअरिंग गेलं. माझ्या हातनं गेलं."

तृप्तीनं मान हलवली. मग तिच्या लक्षात आलं की चालत नाही.

"घेतली, बाबा. तुमची ड्युटी सुटली."

आबा बाजूला झाले. जीप वळणापलीकडे गेली. मी म्हटलं, तुम्हीही जायचं होतंत मंडणगडला. ते म्हणाले, सुटलेल्या मानसानं मशीनपाशी घुटमळू नये. दुपारी ते आमच्याकडे जेवले, बांगड्याचं तिखलं आणि भात, आणि जेवण झाल्यावर पडवीतल्या आरामखुर्चीत टेकले.

ऊन उतरायला लागलं तेव्हा कट्ट्यावर ठेवलेला त्यांचा फोन वाजला. तृप्ती होती. ते घोरत होते म्हणून मी घेतला. तिनं बाबा कुठे म्हणून विचारलं. मी सांगितलं, झोपलेत.

"झोपलेत? दिवसाचे?"

मी हो म्हटलं. मीही त्यांना दिवसा झोपलेलं पहिल्यांदाच बघत होतो. पलीकडे वाऱ्याचा आणि माणसांचा आवाज येत होता. मग म्हणाली की शेवटचं वळण पार झालं, नंबर आला नाही, पण तेलाच्या प्रेशरचा काटा एकदाही पडला नाही. मी म्हटलं, थांब, त्यांना उठवतो, हे त्यांनी तुझ्या तोंडून ऐकलं पाहिजे.

"नको, काका," तृप्ती म्हणाली. "आता ड्युटी माझी आहे. त्यांना झोपू द्या."